गणितानंद द. रा. कापरेकर : आकड्यांशी खेळणारे देवळालीचे गुरुजी



गुणाकार आणि अपूर्णांक ही दोन प्रकरणं आली की वर्गाचा चेहरा कसा बदलतो, हे आपण सगळेच जाणतो. पाढे म्हणायला उभं केलं की काही मुलं खाली बघायला लागतात. अपूर्णांकाचं उदाहरण फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावर कुजबुज सुरू होते. माधवनगरच्या माझ्या वर्गातही वेगळं काही नव्हतं. खेळातून काही करता येईल का, हे शोधताना मी एका माणसाच्या चरित्रापाशी येऊन थांबलो. हा माणूस मोठ्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हता. आपल्यासारखाच शाळामास्तर होता. नाशिकजवळच्या देवळालीत त्यांनी 32 वर्षे मुलांना शिकवले आणि आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत त्यांचे नाव आहे. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

आजच्या पाठात त्यांचे जीवन पाहू. मध्ये मध्ये त्यांच्या संख्यांचे खेळ आपल्या वर्गात कसे घेता येतील, तेही सांगतो. वही-पेन्सिल जवळ ठेवा, कारण हे चरित्र नुसते वाचून पुरे होत नाही.

बालपण

कापरेकरांचा जन्म 17 जानेवारी 1905 रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. पुढे वडिलांनीच त्यांना वाढवले. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. ज्योतिष खरे की खोटे हा प्रश्न बाजूला ठेवू, पण त्या निमित्ताने घरात बेरजा, वजाबाक्या, भागाकार रोज चालत. आई नसलेल्या त्या मुलाला आकड्यांची सोबत मिळाली ती अशी.

माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले. तिथे त्यांना गणिती कोडी सोडवण्याचा छंद जडला. कोडे सुटले तरी ते थांबत नसत. सुटलेल्या कोड्यातून दुसरे कोडे काढायचे, आकडे बदलून बघायचे, हा खेळ तासन्‌तास चाले. परीक्षेत येणार म्हणून कोणी ही कोडी सोडवत नव्हते. मजा वाटते म्हणूनच ती सोडवली जात होती, आणि ही गोष्ट आयुष्यभर टिकली.

इथे त्या काळच्या मराठी शाळेचीही आठवण काढली पाहिजे. तेव्हा मुलांना नुसते पूर्ण संख्यांचे पाढे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे होते. पावकी म्हणजे पावचा पाढा, पाऊणकी म्हणजे पाऊणचा, औटकी म्हणजे साडेतीनचा. चार औट किती, तर चौदा. पाच दीड किती, तर साडेसात. आज आपण अपूर्णांक अंश-छेदापासून सुरू करतो आणि मूल घाबरतं. पण तेच मूल बाजारात गेलं की सव्वा किलो बटाटे आणि पाऊण किलो कांदे बरोबर मोजून आणतं. आजीकडून ते अडीच, दीड, पाऊण हे शब्द शिकलेलं असतं. वर्गात मात्र कोणी त्याला सांगत नाही की अरे, तुला अपूर्णांक आधीपासूनच येतात.

पहिला खेळ म्हणून हाच घ्या. दोन गट करा. एका गटाने भाव सांगायचा, दुसऱ्याने वजन. चाळीस रुपये किलोची हळद पाऊण किलो घेतली तर किती? साठ रुपये किलोचा गूळ अडीच किलो घेतला तर किती? पहिल्याचे उत्तर 30 रुपये, दुसऱ्याचे 150. तोंडी करायचे, कागद नाही. हळद हा सांगली भागातला रोजचा विषय, त्यामुळे मुलं भाव सांगताना घासाघीस सुद्धा करतात, आणि त्यातच त्यांचा गुणाकार होऊन जातो.

फर्ग्युसन कॉलेज आणि रँग्लर परांजपे पारितोषिक

1923 साली कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. रँग्लर र. पु. परांजपे यांचे नाव या कॉलेजशी कायमचे जोडलेले आहे. केंब्रिजच्या गणित परीक्षेत 1899 साली पहिले आलेले ते पहिले भारतीय. त्यांच्या नावाचे एक पारितोषिक गणितात स्वतंत्र काम करणाऱ्या विद्यार्थ्याला दिले जाई. 1927 साली ते कापरेकरांना मिळाले. 1929 साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले.

त्यांचे औपचारिक शिक्षण इथेच थांबले. एम. ए. नाही, पीएच. डी. नाही. पुढच्या वर्षी, 1930 साली, ते देवळालीला शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. नोकरी साधी, पगार बेताचा. 1962 साली निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते.

देवळालीचे दिवस

देवळाली म्हणजे नाशिकजवळचे लष्करी छावणीचे गाव. गुरुजी सायकलवरून गावभर फिरत आणि शाळेबाहेरच्या मुलांनाही शिकवत. त्यांची शिकवण्याची पद्धत रुळलेल्या वाटेची नव्हती. वेळ मिळाला की नदीकाठी जाऊन बसत आणि डोक्यात संख्या फिरवत राहात. संगणक तर सोडाच, साधे कॅल्क्युलेटर सुद्धा तेव्हा नव्हते. जे काही शोधले ते कागद, पेन्सिल आणि पाठ असलेले पाढे यांच्या जोरावर. हे मी मुद्दाम लिहितो, कारण खेळातून शिकवायचं म्हटलं की काही जणांना वाटतं, आता पाढे पाठ करायला नकोत. तसं नाही. पाढे येत नसतील तर खेळात मजाच येत नाही. पाढ्याचा उपयोग कुठे होतो हे मुलाला खेळात दिसतं, आणि मग ते पाठांतर कुरकुर न करता करतं.

आता त्यांच्या काही संख्या पाहू.

डेम्लो संख्या

कापरेकरांच्या सुरुवातीच्या शोधांपैकी हा एक. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवर डेम्लो नावाचे स्टेशन होते. या संख्यांची कल्पना त्यांना तिथे सुचली, म्हणून त्यांनी स्टेशनाचेच नाव संख्यांना दिले. गाडीची वाट बघताना आपण काय करतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे!

त्यांतला सगळ्यांत सोपा नमुना असा:

11 × 11 = 121
111 × 111 = 12321
1111 × 1111 = 1234321

पहिले तीन गुणाकार मुलांना करू द्या. चौथा न करता उत्तर सांगायला लावा. बहुतेक मुलं सांगतात. मग विचारा, हे किती वेळ चालेल? नऊ एके घेतले तर उत्तर 12345678987654321 येते. दहा एके घेतले की मात्र नमुना मोडतो, कारण मधल्या घरात दहा येतात आणि हातचा पुढे सरकतो. हातचा म्हणजे काय, हे शंभर उदाहरणांनी समजत नाही ते इथे एका उदाहरणात कळतं.

हर्षद संख्या

हर्ष देणारी ती हर्षद. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला कापरेकरांनी हे नाव दिले. 12 घ्या. 1 आणि 2 मिळून 3, आणि 12 ला 3 ने भाग जातो. म्हणून 12 हर्षद. 13 घ्या. 1 आणि 3 मिळून 4, भाग जात नाही. म्हणून 13 हर्षद नाही.

हा खेळ मी पाचवी-सहावीला नेहमी घेतो. मुलं गोलात बसतात. 10 पासून एकेकाने पुढची संख्या म्हणायची. संख्या हर्षद असेल तर टाळी वाजवायची, नसेल तर गप्प. चुकला तो बाद नाही, त्याने फक्त भागाकार फळ्यावर करून दाखवायचा. 10 ते 99 मध्ये अशा 23 संख्या आहेत: 10, 12, 18, 20, 21, 24, 27, 30, 36, 40, 42, 45, 48, 50, 54, 60, 63, 70, 72, 80, 81, 84 आणि 90.

एका वर्षी आमच्या सहावीत एक मुलगी होती. आईवडील ऊसतोडीला जायचे, त्यामुळे मागच्या दोन इयत्तांचे बरेच महिने तिचे बुडलेले. बोटांवर मोजायची आणि बोटं बाकाखाली लपवायची. हा खेळ चालू असताना वर्गातल्या हुशार मुलाने हात वर केला आणि सांगितलं की नऊच्या पाढ्यातल्या सगळ्या संख्या हर्षद असतात. 18, 27, 36, 45, सगळ्या तपासून झाल्या. 90 पर्यंत बरोबर. वर्गाने मान्य केलं, मीही जरा गाफील होतो. ती मुलगी मात्र मान खाली घालून वहीत काहीतरी करत होती. थोड्या वेळाने हळूच म्हणाली की 99 होत नाही. 9 आणि 9 मिळून 18, आणि 99 ला 18 ने भाग जात नाही. वर्गात दोन मिनिटं शांतता. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, खेळातल्या नव्हे, खऱ्या. पाढा दहापर्यंतच पाठ करणाऱ्यांना ही चूक दिसली नव्हती. तिला पाढा पाठ नव्हता, म्हणून ती नऊ-नऊ मिळवत पुढे गेली होती. त्या दिवसानंतर तिची बोटं बाकाखाली गेली नाहीत. पुढच्या महिन्यात तिने नऊपर्यंतचे पाढे आपणहून पाठ केले.

कापरेकर संख्या

आता खुद्द त्यांच्या नावाची संख्या. 45 चा वर्ग करा. 45 × 45 = 2025. या उत्तराचे दोन तुकडे करा, 20 आणि 25. बेरीज करा. पुन्हा 45! तसेच 55 चे. 55 × 55 = 3025, आणि 30 + 25 = 55. लहान मुलांसाठी 9 आहेच. 9 × 9 = 81, आणि 8 + 1 = 9. मोठ्यांसाठी 297 आहे. 297 × 297 = 88209, आणि 88 + 209 = 297.

वर्गात करायचे ते असे. 10 ते 99 या 90 संख्या आहेत. वर्गात 30 मुलं असतील तर प्रत्येकाला तीन संख्या वाटा. ज्याने त्याने आपल्या संख्यांचे वर्ग काढायचे, तुकडे करायचे आणि बेरीज तपासायची. तीन अंकी उत्तर आले तर डावीकडे एकच अंक राहील, उजवीकडे दोन. शेजाऱ्याने गुणाकार तपासून द्यायचा. सगळ्या वर्गात मिळून फक्त तीन संख्या सापडतात: 45, 55 आणि 99. ज्यांच्या वाट्याला त्या येतात ते राजे. बाकीचे हिरमुसत नाहीत, उलट दुसऱ्यांच्या वहीत डोकावून खात्री करतात. बघा, 90 गुणाकार आणि त्यांची तपासणी एका तासात झाली. गृहपाठ म्हणून 90 गुणाकार दिले असते तर दुसऱ्या दिवशी पालक शाळेत आले असते!

आणखी एक गंमत मुलांना शोधू द्या. 45 आणि 55 यांची बेरीज 100. 297 आणि 703 यांची बेरीज 1000. मग 703 सुद्धा कापरेकर संख्या असेल का? तपासा. 703 × 703 = 494209. 494 + 209 = 703. आहे!

अपूर्णांकांतून आलेली संख्या

सहा अंकी कापरेकर संख्यांमध्ये एक आहे 142857. तिचा वर्ग 20408122449. तुकडे 20408 आणि 122449. बेरीज 142857. ही संख्या काही आकाशातून पडलेली नाही. एका भाकरीचे सात सारखे भाग करून त्यातला एक घेतला, म्हणजे 1/7, तर दशांशात उत्तर येते 0.142857142857… असे, न संपणारे. गणितात ही संख्या फार पूर्वीपासून माहीत होती, पण ती कापरेकरांच्या कसोटीलाही उतरते हे विशेष.

यावर मैदानात खेळायचा एक खेळ सांगतो. सहा मुलांना 1, 4, 2, 8, 5, 7 हे आकडे पाठकोऱ्या कागदावर लिहून द्या आणि याच क्रमाने गोलात उभे करा. बाकीच्यांनी 142857 ला 2 ने गुणायचे. उत्तर 285714. गोलातली मुलं जागची हलत नाहीत, फक्त 2 वाल्यापासून वाचायला सुरुवात करायची. 3 ने गुणले की 428571, म्हणजे 4 वाल्यापासून वाचायचे. 4 ने 571428, 5 ने 714285, 6 ने 857142. प्रत्येक वेळी तोच गोल, फक्त सुरुवात वेगळी. हेच 2/7, 3/7, 4/7 चे दशांश रूप. म्हणजे अपूर्णांकाचा अंश बदलला की गोलात सुरुवातीची जागा बदलते, एवढेच.

आता 7 ने गुणा. सगळे वाट बघतात की आता कोणापासून? उत्तर येते 999999. गोल संपला! कारण सातातले सातही भाग घेतले, म्हणजे पूर्ण भाकरी आली. आता समोरासमोर उभ्या असलेल्यांना एकमेकांकडे बघायला सांगा. 1 समोर 8, 4 समोर 5, 2 समोर 7. प्रत्येक जोडीची बेरीज 9. हे मुलांना सांगू नका. त्यांना दिसेपर्यंत थांबा. थांबणं हेच या खेळात शिक्षकाचं खरं काम आहे, आणि ते अवघड आहे.

स्वयंभू संख्या

15 घ्या. तिच्यात तिचेच अंक मिळवा. 15 + 1 + 5 = 21. म्हणजे 21 चा जन्म 15 पासून झाला. अशी प्रत्येक संख्येची जनक संख्या शोधायची. पण 20 ची शोधून बघा. सापडत नाही. 31 ची? नाही. 42 ची? नाही. ज्यांना जनक नाही त्या संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटले. स्वयंभू गणपती, स्वयंभू पिंड हे शब्द आपल्या मुलांच्या कानावर असतात, त्यामुळे नाव लगेच लक्षात राहते. 1 ते 100 मध्ये अशा 13 संख्या आहेत: 1, 3, 5, 7, 9, 20, 31, 42, 53, 64, 75, 86, 97. उलट 101 ला दोन जनक आहेत, 91 आणि 100. या संख्यांवर त्यांनी 1959 साली इंग्रजीत एक पुस्तिका काढली. अशा पुस्तिका ते बहुधा स्वतःच छापत.

6174

आणि आता त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने. मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. शून्य आले तर ते टाकून देऊ नका, चार अंक पुरे ठेवा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही 6174 वर येता, आणि तिथून पुढे हलत नाही, कारण 7641 − 1467 = 6174.

गुरुजींचे जन्मवर्ष घेऊन बघू. 1905:

9510 − 0159 = 9351
9531 − 1359 = 8172
8721 − 1278 = 7443
7443 − 3447 = 3996
9963 − 3699 = 6264
6642 − 2466 = 4176
7641 − 1467 = 6174

पूर्ण सात पायऱ्या! मुलांना आपापली जन्मवर्षे घेऊ द्या, वजाबाकीतल्या हातच्याचा सराव भरपूर होतो. लहान वर्गासाठी तीन अंकी खेळ आहे, तिथे सगळ्या वाटा 495 ला जातात. 352 घ्या: 297, 693, 594, 495.

आता 6174 ची बेरीज करा: 6 + 1 + 7 + 4 = 18. 6174 ला 18 ने भाग जातो, उत्तर 343. म्हणजे 6174 हर्षदही आहे. आणि 343 म्हणजे 7 × 7 × 7.

हा शोध कापरेकरांनी 1949 साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. 1955 साली त्यावरचा त्यांचा छोटा लेख अमेरिकेतल्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात आला. आज 6174 ला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

उपेक्षा

इतके वाचून वाटेल की गुरुजींचा सगळीकडे सत्कार झाला असेल. तसे झाले नाही. देशातले अनेक गणिती त्यांच्या कामाला हसत. हे आकड्यांचे चाळे आहेत, यात खोल गणित नाही, असा त्यांचा सूर असे. त्यांचे बरेचसे लेख लहानसहान नियतकालिकांत आले, किंवा स्वतः छापावे लागले. हातात वरची पदवी नाही, मागे विद्यापीठ नाही. शाळेच्या पगारात घर चालवायचे आणि त्यातूनच हा छंद.

प्रामाणिकपणे सांगायचे तर टीकाकारांच्या म्हणण्यात थोडे तथ्य होते. कापरेकरांच्या बहुतेक संख्या आपण दहाच्या पटीत आकडे लिहितो यावर अवलंबून आहेत. लिहायची पद्धत बदलली की 6174 ची जादू जाते. पण मुलाला शाळेत जी भीती वाटते ती याच दशमान पद्धतीतल्या आकड्यांची असते. त्याच आकड्यांशी मैत्री करून देणारा माणूस आपल्याला लहान कसा वाटावा?

मलाही याचा छोटासा अनुभव आहे. 142857 चा गोल मैदानात चालू असताना शाळा बघायला आलेल्या एकांनी मला विचारलं की हे पुस्तकात कितव्या पानावर आहे. मी गप्प बसलो, उत्तर सुचलं नाही. रात्री मात्र वाटलं, देवळालीच्या गुरुजींना असं कितीदा विचारलं गेलं असेल, आणि तरी ते दुसऱ्या दिवशी सायकलवर बसून शाळेत गेले असतील. दुसऱ्या दिवशी मी पाठाच्या टाचणात अपूर्णांक या घटकापुढे हा खेळ रीतसर लिहून ठेवला.

उत्तरायुष्य

1962 साली ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतन पुरत नसे. 1966 साली पत्नीचे निधन झाले. उतारवयात पोटासाठी त्यांना गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. आकड्यांचा खेळ मात्र सुटला नाही. त्यांना लोक गणितानंद म्हणत. शाळा-कॉलेजांत त्यांची व्याख्याने होत आणि मुलांना ती आवडत.

1975 च्या मार्चमध्ये एक वेगळी गोष्ट घडली. मार्टिन गार्डनर हे अमेरिकन लेखक सायंटिफिक अमेरिकन मासिकात एक सदर लिहीत. त्या सदराचे नावच गणिती खेळ असे होते. त्यांनी त्यात कापरेकर आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांची ओळख करून दिली. हे सदर जगभर वाचले जाई. देवळालीतल्या एका निवृत्त शिक्षकाचे नाव असे देशोदेशी पोचले. तेव्हा गुरुजी 70 वर्षांचे होते. ज्याला इथे चाळे म्हटले गेले, त्यालाच तिकडे खेळ म्हणून मान मिळाला.

1986 साली देवळालीतच त्यांचे निधन झाले.

1986 चे काय होते ते बघायचा मोह मला आवरला नाही. 9861 − 1689 = 8172. वर जन्मवर्षाच्या पायऱ्या पुन्हा बघा. तिथेही 8172 आहे, दुसऱ्या पायरीवर. म्हणजे जन्मवर्ष आणि मृत्युवर्ष 8172 पाशी एकत्र येतात आणि तिथून एकाच वाटेने 6174 ला पोचतात. हा निव्वळ योगायोग आहे, याला काही अर्थ चिकटवू नये. पण गुरुजींना हे दाखवता आले असते तर ते नक्की खूश झाले असते.

शिक्षकांसाठी थोडेसे

या चरित्रातून मी तीन गोष्टी घेतल्या. पहिली, खेळ घ्यायचा तर त्यात खरे गणित हवे. नुसते गाणे आणि टाळ्या असतील तर मुलं रमतात पण शिकत नाहीत. दुसरी, उत्तर आपण आधी सांगायचे नाही. नमुना मुलाला सापडला पाहिजे, आणि तो कुठे मोडतो हेही त्यालाच सापडले पाहिजे. तिसरी, मागे पडलेल्या मुलाला खेळात जागा मिळाली पाहिजे. आमच्या 99 वाल्या मुलीला वेगात म्हणायच्या पाढ्यांत कधीच नंबर मिळाला नसता.

उद्याच्या तासाला यातला एकच खेळ घ्या. सगळे एकदम नकोत. खडू, फळा आणि सहा कागद एवढाच खर्च आहे. मुलांच्या वहीत 6174 आले की वर्गात एक आवाज होतो, तो ऐका.

स्वाध्याय

1. तुमच्या जन्मवर्षापासून 6174 पर्यंत किती पायऱ्या लागतात?
2. 1729 ही हर्षद संख्या आहे का? अंकांची बेरीज करून तपासा.
3. 1/7 चा गोल तयार झाला तसा 1/11 चा होतो का? भागाकार करून बघा आणि काय दिसते ते आपल्या शब्दांत लिहा.
4. घरातल्या आजी-आजोबांना पावकी, दीडकी किंवा औटकी येते का ते विचारा आणि एक पाढा त्यांच्याकडून लिहून आणा.